क्लाउड साठवण आणि सिंक फुकट का नसावं?

कडबोळे :
गूगलचे १५ जीबी भरले की १०० जीबीला महिना १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १,३००. आयक्लाउडचे फुकटचे ५ जीबी २०११ पासून तेवढेच आहेत, पुढच्या ५० जीबीला महिना ७५. ऑब्सिडियनसारखं नोंदवहीचं ॲप फुकट, पण त्याच नोंदी फोनवरही हव्या असतील तर सिंकचे महिना ४ डॉलर, तेही वर्षाचे आगाऊ दिले तर. त्यात जागा मिळते १ जीबी. साध्या मजकुराच्या ५,००० नोंदी, प्रत्येकी ४ केबी धरली, तर सगळा पसारा २० एमबीचा. २० एमबी या यंत्रावरून त्या यंत्रावर न्यायला वर्षाला ४८ डॉलर?

माझं मत असं की साठवण आणि सिंक ही आता ईमेलसारखी रोजची गरज झाली आहे आणि ती फुकटच मिळायला हवी. पटत नसेल तर पैसे नेमके कशाचे जातात ते आकड्यांत सांगा. "कंपन्यांनाही पोट आहे" हे उत्तर नको.

तिखटमीठ :
ईमेल तरी कुठे फुकट आहे? १ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी घेऊन आलं तेव्हाच जाहिराती सोबत होत्या. पैसे देतोच आपण, फक्त खिशातून देत नाही.

बाकी फुकट ते पौष्टिक, हे मान्य.

रात्रपाळी :
आकड्यांत सांगतो.

ॲमेझॉनच्या एस३ या भाड्याने जागा देणाऱ्या सेवेचा नेहमीच्या साठवणीचा अमेरिकेतला किरकोळ दर १ जीबीला महिना २.३ सेंट. म्हणजे १५ जीबीला साधारण ३५ सेंट. बॅकब्लेझ कंपनीची तशीच सेवा बी२ आणखी स्वस्त, १ टीबीला महिना ६ डॉलर, म्हणजे १५ जीबीला ९ सेंट. नुसत्या जागेचा खर्च खरंच किरकोळ आहे, इथपर्यंत कडबोळे बरोबर.

पण तुमची फाइल एका डिस्कवर ठेवून चालत नाही. बॅकब्लेझ आपल्या मूळ रचनेत प्रत्येक फाइलचे १७ तुकडे करतं, त्यावर हिशोबाने काढलेले ३ जादा तुकडे जोडतं आणि हे २० तुकडे २० वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतं. त्यातले कुठलेही ३ गेले तरी फाइल परत उभी राहते. त्यासाठी १०० जीबीच्या जागी साधारण ११८ जीबी डिस्क लागते. सरळ तीन प्रती ठेवणाऱ्याला ३०० लागते. मेलेल्या डिस्क बदलणं, वीज, थंडावा हे सगळं यावर.

दुसरा खर्च वाहतुकीचा. एस३ मधून माहिती बाहेर काढायला, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर, १ जीबीला साधारण ९ सेंट. १०० जीबी महिनाभर ठेवायला २.३० डॉलर आणि त्या फुकट मर्यादेपुढचे १०० जीबी एकदा उतरवायला ९ डॉलर. ठेवणं स्वस्त आणि नेणं महाग. सिंक म्हणजे तर सतत नेणं-आणणं. ड्रॉपबॉक्सने २०१६ पर्यंत सुमारे ५०० पेटाबाइट माहिती ॲमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रांवर हलवली ती हौस म्हणून नव्हे.

आता तुमचे २० एमबी. त्यांचा जागेचा आणि वाहतुकीचा खर्च शून्यच धरा. ते ४८ डॉलर जागेचे नाहीतच. दोन यंत्रांवर एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय करायचं, महिनाभराच्या जुन्या आवृत्त्या कशा जपायच्या, चावी तुमच्याकडेच ठेवून सगळं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) कसं पाठवायचं, हे लिहिणाऱ्या माणसांचे ते पैसे. वर मूळ ॲप जे लोक फुकट वापरतात, त्यांचाही भार त्यातच.

कडबोळे :
रात्रपाळी, आवडलं. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का होतो. जागा स्वस्त, आणि ती हुशारी फुकट प्रोग्रॅममध्येही आहे. मध्ये कुठलीही कंपनी न घेता आपली यंत्रं थेट एकमेकांशी जोडणारं सिंकथिंग आहेच की.

खटपट्या :
आहेच. नीट बसवलं तर वर्षानुवर्षं चालतं. पण लोक नेमके कुठे अडकतात ते सांगतो.

संगणकावर बसवल्यावर ब्राउझरमध्ये ८३८४ पोर्टवर त्याचं पान उघडतं. 'ॲक्शन्स' मध्ये स्वतःचा डिव्हाइस आयडी आणि त्याचा क्यूआर मिळतो. अँड्रॉइडचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानातून 'सिंकथिंग-फोर्क' घ्या. फोनने क्यूआर वाचायचा आणि संगणकावर जोडणीची विनंती आली की स्वीकारायची. ओळख दोन्हीकडून व्हावी लागते, एकतर्फी चालत नाही.

फोनमधला कॅमेऱ्याचा फोल्डर 'सेंड ओन्ली' ठेवा. इथे पहिली चूक होते. 'सेंड ओन्ली' म्हणजे फोनवर पुसलेला फोटो संगणकावर राहील असं लोक समजतात. तसं नाही, पुसल्याची बातमीसुद्धा पाठवली जाते. म्हणून संगणकाच्या बाजूला त्या फोल्डरच्या 'फाइल व्हर्जनिंग' मध्ये 'ट्रॅश कॅन' किंवा 'स्टॅगर्ड' निवडा. आणि हे लक्षात ठेवा की व्हर्जनिंग फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होतं. त्याच संगणकावर तुम्ही स्वतः फाइल पुसली तर तिची जुनी प्रत तिथे राहत नाही.

दुसरी अडचण बॅटरीची. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये या ॲपसाठी बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याला झोपवतो आणि लोक सिंकथिंगला नावं ठेवतात.

ऑब्सिडियनसाठी वापरणार असाल तर छुप्या फोल्डरमधली 'वर्कस्पेस' नावाची जेसन फाइल इग्नोर यादीत टाका. कुठली खिडकी कुठे उघडी आहे हे ती लिहून ठेवते. दोन्ही यंत्रांवर ती सतत बदलते आणि रोज 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाच्या फायलींचा ढीग पडतो.

आयफोनवाल्यांनी फार आशा ठेवू नये. सिंकथिंगशी जोडणारं तिथलं ॲप मोबियस सिंक २० एमबीपर्यंत फुकट आहे, कडबोळेंच्या नोंदी नेमक्या बसतील. पण पार्श्वभूमीत सतत चालायची मुभा आयओएस देत नाही, ॲप उघडलं की सिंक होतं.

घाटावरचा :
लॅपटॉप रात्री बंद, फोन दिवसा बाहेर. दोघांची भेट व्हायची कधी?

खटपट्या :
म्हणून तिसरं, सतत चालू असणारं यंत्र लागतं. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) किंवा जुना लॅपटॉप. बाहेरून घरी जोडणी करताना बऱ्याच मोबाइल आणि फायबर जोडण्यांवर सीजीनॅट असतं, म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा आयपी एकच. तिथे राउटरमध्ये सिंकथिंगचा २२००० पोर्ट उघडून काही उपयोग नाही. आयपीव्ही६ (प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत) असेल तर थेट जोडणी होऊ शकते, नाहीतर स्वयंसेवकांच्या रिले सर्व्हरमधून माहिती जाते. ती कुलूपबंदच जाते, पण बैलगाडीच्या वेगाने.

तिखटमीठ :
म्हणजे कोणीतरी स्वयंसेवक स्वतःच्या खिशातून बँडविड्थ भरतोय तेव्हा ते "फुकट". दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं यालाच म्हणतात.

घरच्या यंत्राचा हिशोब मांडतो. रास्पबेरी पाय आणि डिस्क मिळून १० वॅट धरा. वर्षाला ८७.६ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर ८७६ रुपये. पाय, अडॅप्टर, कार्ड, डबी मिळून ८,००० धरून पाच वर्षांत विभागले, वर्षाला १,६००. डिस्क १०,००० ची, पाच वर्षं टिकली असं समजून २,०००. ती बंद पडली तर माहिती जाते म्हणून दुसरी डिस्क, आणखी २,०००. बेरीज ६,४७६.

गूगलचा २ टीबीचा वार्षिक भाव ६,५००.

वर्षाला २४ रुपये वाचले. अभिनंदन. (हलके घ्या.)

खटपट्या :
तुमच्या हिशोबात डिस्क ४ टीबीची येते आणि गूगलची जागा २ टीबी, हे सोयीस्कर विसरलात. शिवाय जुना लॅपटॉप घरात पडून असेल तर ते १,६०० वाचले.

रात्रपाळी :
आणि तिखटमीठ यांच्या दोन्ही डिस्क एकाच टेबलावर आहेत हे तुम्ही विसरलात. चोरी, आग, पूर, विजेचा झटका यांना दोन्ही एकदम सापडतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम म्हणूनच आहे.

त्याहून महत्त्वाचं, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी फाइल बिघडली की सिंक तो बिघाड इमानेइतबारे सगळीकडे पोहोचवतं. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फायली अडकवणाऱ्या व्हायरसने) कुलूप लावलेली फाइल हासुद्धा सिंकच्या नजरेत एक "बदल"च. बॅकअपसाठी रेस्टिकसारखा वेगळा प्रोग्रॅम घ्या. तो दर वेळचं चित्र वेगळं ठेवतो, पण न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही. दिवसाची ७, आठवड्याची ४, महिन्याची १२ चित्रं ठेवून बाकीची छाटायची. अधूनमधून निदान ५ टक्के माहिती परत वाचून तपासायला लावायची, आणि तीन महिन्यांतून एकदा एखादा फोल्डर खरोखर दुसऱ्या जागी उतरवून उघडून बघायचा. न उतरवलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

लेखापाल :
याला जोडून. बऱ्याच छोट्या ऑफिसांत टॅलीचा डेटा फोल्डर सरळ ड्रॉपबॉक्स किंवा ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणजे दुकान आणि घर दोन्हीकडे दिसेल. हे करू नका. कंपनीचा डेटा एक फाइल नसते, एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फायली असतात. टॅली चालू असताना त्यातल्या काही वर गेल्या, काही राहिल्या, आणि दुसऱ्या संगणकाने तो अर्धवट संच उतरवून उघडला की डेटा खराब. दोन्हीकडे एकदम उघडलं तर कॉन्फ्लिक्टच्या प्रती बनतात आणि कुठल्या प्रतीतली व्हाउचर खरी हे शोधण्यात जीएसटीची तारीख निघून जाते.

बरोबर पद्धत: टॅलीत उघडलेली कंपनी बंद करा, टॅलीच्याच बॅकअपमधून प्रत काढा आणि फक्त ती प्रत सिंक फोल्डरमध्ये टाका. नावात तारीख घाला. कुठल्याही चालू डेटाबेसला हेच लागू.

सहजच :
वाखूसा (वाचनखूण साठवली).
एक भाबडा प्रश्न. सरकारच का देत नाही? डिजिलॉकर आहे ना २०१५ पासून, चकटफू.

घाटावरचा :
डिजिलॉकरमध्ये स्वतःच्या फायलींना १ जीबी, एक फाइल १० एमबीपर्यंत, तीही पीडीएफ, जेपीईजी नाहीतर पीएनजी. साठवण हा त्याचा हेतूच नाही. 'इश्यूड' मध्ये जे लायसन्स, आरसी दिसतं ते तुमच्या लॉकरात ठेवलेलं नसतं, तो देणाऱ्या खात्याकडचा दुवा असतो. म्हणूनच त्याला मूळ कागदाचा दर्जा आहे. तुम्ही स्वतः चढवलेल्या स्कॅनला तो नाही. लग्नाचे २०० जीबी तिथे न्यायचा विचार असेल तर सोडून द्या.

कडबोळे :
लग्नाचे २०० जीबी कुठेच लवकर जात नाहीत म्हणा. २० एमबीपीएस अपलोडने २२ तास.

बोरूबहाद्दर :
अवांतर, पण मराठी माणसाला उपयोगी. सिंकमध्ये आपल्या फाइलनावांचे दोन हमखास घोटाळे होतात.

पहिला लांबीचा. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाची मर्यादा २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला १ बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' आपल्याला चार अक्षरं दिसतात, आत ती ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. एकूण ८५ चिन्हांत खेळ खलास. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हं मोजतं, त्यामुळे तिथे शंभर चिन्हांचं नाव आरामात बसतं आणि फोनवर जायची वेळ आली की सिंक अडतं. क्लाउडवर फायली नेणाऱ्या आरक्लोन या प्रोग्रॅमने नावंही कुलूपबंद केलीत तर मर्यादा आणखी आक्रसते, साधारण १४३ बाइट. म्हणजे ४७ चिन्हं. 'ग्रामपंचायत मालमत्ता कर पावती' इथपर्यंत ठीक, पुढे गट नंबर आणि मालकाचं पूर्ण नाव लिहायला पुरेशी जागा नाही.

दुसरा आपला अर्धा र. 'दुसऱ्या' मधला ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो. ऱ हे एकच चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोडच्या नियमाने समान मानले जातात आणि सिंकथिंगमध्ये ते एकसारखं करणारं 'ऑटो नॉर्मलाइझ' मुळातच चालू असतं, ते बंद करू नका. जुन्या मॅकच्या डिस्क पहिल्याचं दुसरं करून ठेवतात, म्हणून ते लागतं. तिसरा मात्र नियमानेही वेगळाच राहतो. म्हणून एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या गटाचा सातबारा' दोनदा दिसला की गावात वाद नाही, कीबोर्ड वेगळे आहेत असं समजा.

तिखटमीठ :
बोरूबहाद्दर, या प्रतिसादाचे पैसे लावा. हे फुकट मिळणं बरं नाही.

परदेशी_पाखरू :
बाहेर राहणाऱ्यांसाठी. गूगल वनची जागा आणखी पाच जणांत वाटता येते, म्हणजे वरचे ६,५०० सहा जणांत प्रत्येकी १,०८३. प्रत्येकाच्या फायली फक्त ज्याच्या त्यालाच दिसतात. पण फॅमिली ग्रुपमधल्या सगळ्यांचा देश एकच असावा लागतो. मुलगा न्यू जर्सीत आणि आईबाबा सांगलीत, तर जमत नाही. ज्यांना जागा लागते त्यांनी आपल्या देशात योजना घ्यायची. भारतातला दर स्वस्तच आहे.

आणि "माझ्या फोल्डरमध्ये टाक, माझ्याकडे जागा आहे" हेही ड्राइव्हमध्ये चालत नाही. फोल्डर मुलाचा असला तरी बाबांनी चढवलेली फाइल बाबांची आणि बाबांच्याच १५ जीबीत मोजली जाते. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यांत उलटी गंमत. सामायिक फोल्डर त्यात सामील असलेल्या प्रत्येकाच्या जागेत मोजला जातो, आणि तिथे फुकट जागा २ जीबी.

कृष्णविवर :
मूळ प्रश्नाकडे येतो. "फुकट असावं" हे आधी करून झालं आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ३६५ च्या वर्गणीदारांना जादा पैसे न घेता अमर्याद वनड्राइव्ह दिलं, काहींनी ७५ टीबीच्या वर भरलं, नोव्हेंबर २०१५ मध्ये ते गुंडाळलं आणि २०१६ मध्ये फुकटचे १५ जीबी ५ वर आणले. गूगल फोटोजचं अमर्याद १ जून २०२१ ला संपलं. शाळा-कॉलेजांच्या खात्यांची अमर्याद जागा जाऊन सबंध संस्थेला मिळून १०० टीबी राहिले. ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ ला बंदच झालं. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप २०१८ पासून गूगलच्या जागेत मोजत नव्हते, २०२४ पासून मोजू लागले. आधी सवय लावायची, मग मीटर. जिओने ऑगस्ट २०२४ मध्ये १०० जीबीपर्यंत फुकट जागा जाहीर केली, त्याकडेही याच नजरेने बघा. वापरा, पण एकमेव प्रत तिथे ठेवू नका.

आणखी एक, जे फारसं बोललं जात नाही. पुरवठादाराला तुमच्या फायली वाचता येत असतील तर एकच सुप्रभातचा गुलाब लाख लोकांनी चढवला तरी तो एकदाच साठवता येतो. चावी फक्त तुमच्याकडे असेल तर ते शक्य नाही, प्रत्येकाचा गुलाब वेगळा दिसतो. खासगीपणा आणि फुकटपणा एकमेकांना असे कापतात. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी खटपट्यांकडे जावं.

घाटावरचा :
पैसे भरायच्या आधी १५ जीबीत सफाई करून बघा. यात बहुतेकांचं वर्ष निघतं.

जीमेलमध्ये शोधाच्या चौकटीतलं उजवीकडचं चिन्ह दाबा, आकार १० एमबीहून जास्त आणि 'अटॅचमेंट आहे' असं निवडा. बँकेची स्टेटमेंट नसतात ती, भाच्याच्या प्रोजेक्टचे व्हिडिओ असतात. ड्राइव्हमध्ये 'स्टोरेज' उघडलं की फायली आकाराने मोठ्या ते लहान लागतात. सेटिंग्जमधल्या 'मॅनेज ॲप्स' मध्ये वापरात नसलेल्या ॲपचा लपलेला डेटा पुसता येतो. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. फोटोजच्या वेबवरच्या सेटिंगमध्ये 'रिकव्हर स्टोरेज' आहे, पण ते मूळ दर्जाचे फोटो कायमचे लहान करतं, मागे फिरता येत नाही. छापायचे फोटो आधी डिस्कवर उतरवा.

पुसल्यावर ट्रॅशही रिकामा करा. जीमेल आणि ड्राइव्हमध्ये पुसलेलं ३० दिवस राहतं, बॅकअप झालेले फोटो ६० दिवस. तोवर जागा मोकळी होत नाही.

आणि जागा भरू देऊ नका. भरली की मेल येणंही थांबतं. दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तर सगळं पुसायचा हक्क ते राखून आहेत.

कडबोळे :
ठीक, मत थोडं बदलतो. ठेवण्याचे पैसे घ्या. पण बाहेर पडणं फुकट आणि सोपं असलं पाहिजे. रात्रपाळींचे ते ९ डॉलर मला सगळ्यात जास्त टोचले.

रात्रपाळी :
त्यावर हालचाल झाली आहे, पण व्यावसायिक ग्राहकांसाठी. २०२४ च्या सुरुवातीला गूगल क्लाउड आणि ॲमेझॉनने कायमचं सोडून जाणाऱ्याला हे शुल्क माफ केलं. युरोपचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्याचं शुल्कच घेता येणार नाही. क्लाउडफ्लेअरची आर२ ही साठवणसेवा माहिती बाहेर काढायचे पैसे आधीपासूनच घेत नाही.

तुमच्या-माझ्या खात्याला, सगळी माहिती उतरवून घ्यायला, गूगलचं टेकआउट आहे, ते फुकटच. फायलीचा आकार ५० जीबी निवडा, नाहीतर २ जीबीचे शंभर तुकडे गोळा करत बसाल. दुवा साधारण आठवडाभर चालतो, तेव्हा आधी डिस्कवर जागा करा. फोटोंसोबत प्रत्येकी एक जेसन फाइल येते, ती कचरा समजून पुसू नका. तुम्ही गूगल फोटोजमध्ये हाताने दुरुस्त केलेली तारीख तिच्यातच असते.

सहजच :
व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंना तर तारीखच नसते. ते सगळे उतरवल्याच्या दिवसाचे दिसतात. त्यांचं काय?

खटपट्या :
व्हॉट्सॲप फोटोतली आतली माहिती काढून टाकतं, पण अँड्रॉइडवर फाइलनावात दिवस असतो, आयएमजी नंतरचे आठ आकडे. एक्झिफटूल हा प्रोग्रॅम नावातून ती तारीख उचलून आत लिहू शकतं. आधी दहा फोटोंच्या प्रतीवर चालवून बघा. विंडोजवर फोल्डरचं नाव मराठीत असेल आणि "फाइल सापडत नाही" आलं, तर फाइलनावाचा कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे वेगळं सांगावं लागतं.

तिखटमीठ :
आणि फोल्डरच्या नावात 'दुसऱ्या' असेल तर?

बोरूबहाद्दर :
तर ते हाताने टाइप करू नका. एक्सप्लोररमधून कॉपी करून चिकटवा.